तातीचे टाके

टंव... टंव... टंव... फार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत हा आवाज यायचा. अमीन पिंजारी कापूस पिंजत असायचे. त्यांच्या मोठ्या धनुकलीची दोरी थरथरली की कापसाचे इवले इवले ढग हवेत उडायचे. त्या दोरीला तात म्हणतात. ती मेंढीच्या पाठीतल्या पांढऱ्या शिरांची करतात.

एका हिवाळ्यात तात तुटली आणि आवाज थांबला. गाद्यांचं काम बंद पडलं, चुलीवर नुसती पेज शिजू लागली. घरात वाळलेल्या शिरांची एकच जुडी उरली होती.

"बानू," अमीन आपल्या लेकीला म्हणाले, "ओढ्यावर जाऊन ही भिजव आणि पीळ दे. जपून हं, बेटा. एवढीच आहे."

ओढ्याकाठी बाभळीखाली एक परी रडत होती. बानूएवढीच होती. निळेजांभळे, सोनेरी ठिपक्यांचे तिचे दोन्ही पंख काट्यांनी टराटरा फाटले होते.

"दिवस मावळायच्या आत घरी गेले नाही, तर माझा उजेड विझेल गं!"

बानूने जुडीकडे पाहिलं. तिला चुलीवरची पेज आठवली. मग तिने एक शीर तोंडात धरून मऊ केली, बाभळीच्या काट्याची सुई केली आणि पंख शिवायला घेतला.

"घट्ट ओढ ना!" परी म्हणाली.

"नको. ओली शीर सुकताना आखडते. आत्ता ओढली तर पंख चुरगळेल."

"किती गं तू शहाणी! अगदी माझ्या आजीसारखी बोलतेस."

दोघी हसल्या. पंख शिवून झाले, पण जुडीही संपली. बानूचा चेहरा उतरला.

परी हळूच म्हणाली, "माग काहीतरी. पण जे तुझ्या हातांना करता येतं, तेच मागायचं. आणि कसं करायचं ते नीट सांगायचं. चुकलीस तर हातातलं नासेल."

"मला तात हवी. आणि थोड्या जुड्या."

बानूच्या ओंजळीत ओल्या शिरा आल्या. ती सांगू लागली,

"मांस खरवडून काढायचं. शिरा सावलीत वाळवायच्या, उन्हात त्या ठिसूळ होतात. लाकडाने हळूहळू ठेचायचं. धागे सुटे करून भिजवायचे, मग पीळ द्यायचा."

शब्दाशब्दाला चंदेरी कण चमकले. बघता बघता लांब, गुळगुळीत तात तयार झाली. शेजारी वाळलेल्या जुड्यांचा ढीग लागला.

"आणि जुड्या ठेवायच्या कुठे?" परीने विचारलं.

"डब्यात, घट्ट झाकण लावून..."

ढिगावर हिरवी बुरशी चढली. कुबट वास सुटला. बानूने जीभ चावली.

"नाही, नाही! पावसाळ्यात मी तेच केलं होतं, म्हणून तर सगळ्या नासल्या. फडक्यात सैल बांधायच्या, कडुलिंबाचा पाला घालायचा आणि आढ्याला टांगायच्या. वारा लागला पाहिजे!"

बुरशी भुर्रकन उडून गेली. जुड्या मोत्यासारख्या लखलखल्या.

बानू धावत घरी आली. अमीननी तात चढवली, ताणून पाहिली आणि मोठा श्वास सोडला.

"इतक्या जुड्या कुणी दिल्या गं?"

"परीने, अब्बा."

"ही परी पिंजाऱ्याची लेक आहे की काय?" ते खदखदून हसले आणि कापूस पिंजायला बसले. घर भुरभुरत्या पांढऱ्या कापसाने भरून गेलं.

दारात परी उभी होती. टाके सुकून पंखांना अलगद बसले होते. तिने कापसाचा एक पुंजका झेलला, गालाला लावला, आणि पंख पसरून मावळतीच्या सोनेरी उजेडात घराकडे उडत गेली.