आडवी तार

“…मग रेडिओ शंभर वॅटचा घेऊ की दोनशेचा, नाना?”

नाना शेडगे माझ्या अंगणातल्या बाजेवर बसून चपलेत अडकलेला खडा काढत होते.

मी वही पुढे केली. तीन रेडिओ, चार अँटेना, प्रत्येकाचे गुणदोष. तीन आठवडे मी दुसरं काही केलं नव्हतं.

नानांनी सैन्यात अठ्ठावीस वर्षं वायरलेस सांभाळला. आमच्या खोऱ्यात हौशी रेडिओचा परवाना मिळवणारे ते पहिले. दुसरी मी, जपानमध्ये सेंदाईला शिकून परत आलेली. तिसरे सपकाळ गुरुजी, डोंगरापलीकडच्या वेळशेत गावचे.

वेळशेतमध्ये फोन लागत नाही. पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ताही राहत नाही. गेल्या आषाढात तिथल्या एका बाळंतिणीला डोलीत घालून खिंडीतून खाली आणलं. नऊ तास लागले. ती वाचली. मूल वाचलं नाही. इकडे आधी कळलं असतं तर डॉक्टर निम्म्या वाटेपर्यंत चढून गेला असता.

म्हणून हे रेडिओ. पावसाला सहा आठवडे उरले होते.

“वही ठेव,” नाना म्हणाले. “आत्ता काय लावलंयस?”

मी बोट दाखवलं. अंगणाच्या मधोमध दहा मीटर उंचीची ॲल्युमिनियमची काठी सरळ उभी होती. तिच्या पायथ्यापासून चारी बाजूंना तांब्याच्या तारा जमिनीवर पसरल्या होत्या. सगळं मी माझ्या हातांनी उभं केलं होतं.

“पंधरवड्यात ऑस्ट्रेलिया झालं, इटली झालं,” मी म्हणाले. “सेंदाईचे माझे सर रोज दिवेलागणीला भेटतात. म्हणतात, शेजारच्या खोलीतून बोलतेस असं वाटतं.”

“वेळशेत?”

मी पुन्हा वही उघडली…

गुरुजी रोज चार वाजता आपला रेडिओ लावून बसत. काही आलं नाही की पाऊण तास खिंड चढत, कारण फोनला रेंज तिथेच. मग मला मेसेज येई. कालचा असा होता: ‘ऐकू आलं नाही. बारावी खेप. गुडघे बोलायला लागले.’

“म्हणून तर ताकद वाढवायचीय,” मी म्हणाले. “मध्ये डोंगर आहे.”

“डोंगराला तुझ्या दोनशे वॅटचं काय कौतुक?”

“मग काठी अजून उंच करू?”

नानांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

“येतो तो उंचच मागतो,” ते डोळे न उघडता म्हणाले. “सांगून सांगून तोंड दुखलं.”

मग गुडघ्यावर हात दाबून उठले. काठीच्या पायथ्याशी गेले आणि जमिनीवरच्या दोन तारा ओढून काढल्या.

“नाना, त्या काढल्या तर काठीचा उपयोग नाही.”

“नसू दे. केबल सोडव.”

“चार दिवस राबले मी तिच्यासाठी…”

“दिसतंय. पक्कड दे.”

त्यांनी दोन तारांच्या मध्ये केबल जोडली. एक टोक गोठ्याच्या मेढीला बांधलं, दुसरं शेवग्याला. प्रत्येक गाठीनंतर थांबून श्वास घेतला. तार आडवी झाली. हात वर केला तर लागेल, एवढीच उंच.

“यावर धोतरं वाळत घाला,” मी म्हणाले. राग आला होता. “काठी लांब फेकते. इतक्या खाली आडवी तार म्हणजे सगळं सरळ आभाळात जाणार.”

“जाऊ दे.”

“आभाळात कोण बसलंय ऐकायला?”

“कुणी नाही. म्हणून वर आपटून परत येतं.”

“कुठे?”

नानांनी हात डोक्याच्या वर नेला आणि पंजा उघडून, चाळणीतून पीठ पडावं तसा, हळूहळू चहूबाजूंनी खाली आणला.

“डोंगराच्या या बाजूलाही. त्या बाजूलाही.”

चार वाजले. रेडिओ माझा जुनाच, ताकद तेवढीच. मी बटण दाबून वेळशेतला हाक मारली आणि बोट उचललं.

खरखर…

पुन्हा हाक मारली. खरखर. नाना भिंतीला टेकून खाली बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना. म्हाताऱ्या माणसाला उगाच राबवलं, असं वाटत होतं.

तिसऱ्या हाकेनंतर खरखरीतून माणूस आला.

“ऐकू येतंय.” आवाज दमलेला, पण प्रत्येक शब्द स्वच्छ. “केतकीताई, ऐकू येतंय. म्हणजे आज खिंड चढायला नको ना? ओव्हर.”

“नको, गुरुजी. बसा घरी. ओव्हर.”

मी बटण सोडलं.

“बसलोय,” गुरुजी म्हणाले. “चहा टाकायला सांगितलाय. उद्या नर्सबाईंना इथे आणून बसवतो. त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणतात, गुरुजी तेरा दिवस भिंतीशी बोलतायत. ओव्हर.”

नानांच्या तोंडावर हसू आलं की नाही, कळलं नाही. त्यांनी पाय लांब केले आणि गुडघे चोळत बसले.

मी एकही शब्द न सोडता सगळं वहीत लिहून घेतलं.

दिवेलागणीला सेंदाईची वेळ झाली. मी हाक मारली. एकदा, दोनदा… पाचदा. एकदा सरांचा आवाज आल्यासारखा वाटला, पण नाव पुरतं उच्चारायच्या आत बुडाला. मग नुसती खरखर.

चार वर्षं त्या माणसाच्या हाताखाली शिकले होते. परत आल्यापासून माझं म्हणणं पुरतं समजून घेणारा तोच एक आवाज होता.

“नाना, सर गेले,” मी म्हणाले. “तिकडे कान लावून बसले असतील.”

नाना चपला घालत होते.

“तारा परत जमिनीवर अंथरू? काठी अजून उभीच आहे…”

त्यांनी काठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“सेंदाईला रस्ता आहे, पोरी.”