गुडबायमधला देव

कोकणातल्या एका कचेरीत प्रेस्कॉट नावाचे नवे साहेब आले आणि आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला, की कचेरीत जो देवाधर्माचं नाव आणील त्याची नोकरी जाईल. सदोबा लोटलीकर तिथे बावीस वर्षं कारकून होते. दुसऱ्याच दिवशी सवयीनं त्यांची लेखणी कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहून गेली आणि साहेबांनी ते नेमकं पाहिलं.

“उद्यापासून येऊ नका. गुडबाय!”

सदोबांच्या घरी खाणारी सात तोंडं. पण तो शेवटचा शब्द कानावर पडला मात्र, त्यांचे डोळे लकाकले. फावल्या वेळात कचेरीतला इंग्रजी कोश वाचायचा त्यांना नादच होता.

“साहेब, मग आपलीही नोकरी गेली म्हणायची.”

“काय?”

सदोबांनी कोश उघडून पुढे धरला. “गुडबाय म्हणजे मुळात ‘देव तुमच्यासोबत असो’. बोलून बोलून शब्द झिजला, पण देव आत आहेच. आपला हॉलिडे म्हणजे पवित्र दिवस. आणि मी क्लार्क, म्हणजे मूळचा चर्चचाच माणूस!”

साहेबांनी ओळी दोनदा वाचल्या. त्यांचे कान लाल झाले. बाकीचे कारकून खाली माना घालून हसू दाबत होते. अखेर साहेबांनाच हसू फुटलं.

“मग निरोप घेताना म्हणायचं तरी काय?”

“‘येतो’ म्हणावं, साहेब. आमच्यात जाणारा माणूससुद्धा ‘येतो’च म्हणतो.”

साहेबांनी हुकूम टराटरा फाडला. “मग तसं म्हणा, आणि उद्या वेळेवर या.”