हंबीर आणि मायेचे दोरे

एका राज्यात, जिथे पाखरं माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकतही, एक अथांग तळं होतं. काय ते दिवस होते! आता तशी पाखरं नाहीत, आणि ऐकणारे तर त्याहून नाहीत. तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर देवीची घंटा. दर चैत्री पुनवेला राज्यातली तरणी पोरं पोहत निघत. जो आधी पोचे, तो घंटा वाजवी. पाण्यात उतरण्याआधी घरोघरची माणसं येऊन त्यांच्या मनगटांना दोरे बांधत. "नाव राख हो बाळा," म्हणत. मोठी मायेची रीत होती ती.

एके साली मांत्रिक खर्जनाथाचा लेक शर्यतीत सर्वांत शेवटी आला. काठावरचे लोक पोट धरून हसले. पोर मान खाली घालून राज्य सोडून गेलं. खर्जनाथाने तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि शाप दिला, "ज्या तोंडांनी हसलात, त्याच तोंडांच्या इच्छा तुमच्या लेकरांना धोंड्यासारख्या जड होवोत!"

तेव्हापासून पाण्यात उतरताच दोरे जड होऊ लागले. जो जास्त लाडका, त्याला दोरे जास्त. ज्याला दोरे जास्त, तो आधी तळाला. तळाशी गेला की त्याचा काळा दगड होई. आणि लोकांनी काय करावं? "दोरे कमी पडले," म्हणाले, आणि पुढच्या साली दुप्पट बांधले! आता काय बोलायचं या शहाण्यांना? घंटा मुकी झाली, तळं आटू लागलं.

बुडालेल्यांत हंबीर होता, चंद्रावळीचा थोरला भाऊ. त्यानेच तिच्या पाठीला भोपळा बांधून तिला पोहायला शिकवलं होतं. "पाण्याशी भांडू नकोस गं, ते आपलंच आहे," म्हणायचा. पोहून झालं की दोघं काठावर कुडकुडत गूळ-शेंगा खात बसायची. बघायला कुणी नसे, आणि कोण पुढे नि कोण मागे, हे कधी मोजलंच नव्हतं. त्या संध्याकाळी आठवल्या की चंद्रावळीला जेवण गोड लागत नसे.

"औंदा मी उतरणार. दादाला घेऊन येणार," ती आईला म्हणाली. आईने तोंडाला पदर लावला, पण नाही म्हणाली नाही.

अडचण वेगळीच होती. एकटी असली की चंद्रावळ मासोळी. पण काठावर चार माणसं बघायला उभी राहिली की शिकलेलं सारं विसरे आणि गटांगळ्या खाई.

तळ्यात एक म्हातारा बगळा एका पायावर उभा असे. बगळ्याच्या ध्यानाला लोक नावं ठेवतात, ठेवोत बापडे. चंद्रावळ त्याच्याकडे गेली.

"बगळेबाबा, शाप कसा सुटेल?"

"ते मला ठाऊक नाही."

"मग दोरे तोडून टाकू?"

"ते तुटत नाहीत. भार वाहायची विद्या मात्र देईन. तीन कामं करशील?"

"करीन."

पहिलं काम असं, की हातातल्या कमळाच्या पानावर पाण्याचा थेंब घेऊन उभं राहायचं, आणि भोवती बेडूक टवाळी करणार. बेडूक ओरडले, "पडला! पडला!" आणि थेंब खरंच पडला. "श्वास सावकाश आत घे, त्याहून सावकाश बाहेर सोड," बगळा म्हणाला. पुष्कळ थेंब सांडले, पण शेवटी एक टिकला.

दुसरं काम, मासोळ्यांच्या थव्यातली एक हाताने धरायची. चंद्रावळ सगळ्यांमागे धावली आणि रिकाम्या हाताने परतली. "सगळ्यांकडे बघशील तर एकही मिळणार नाही. एकच धर," बगळा म्हणाला. मग तिने एकीवरच नजर रोखली आणि ती धरली.

तिसरं काम अवघड. एक मायावी विहीर होती. वाकून पाहणाऱ्याशी ती त्याच्याच आवाजात बोले. "तू बुडशील. सगळे हसतील," विहीर म्हणाली. चंद्रावळीने तिला शिव्या घातल्या, तशी विहीर आणखी गर्जली. "अगं, एखादं धाकटं पोर घाबरून असं म्हणालं असतं, तर शिव्या दिल्या असत्यास?" बगळ्याने विचारलं. चंद्रावळ ओशाळली. विहिरीला म्हणाली, "भीती वाटते ना? वाटू दे. आपण बरोबर जाऊ." विहीर गप्प झाली.

पुनव आली. ढोल वाजले, राजा सोमपाळ सिंहासनावर बसला. चंद्रावळीचे हात कोपरापर्यंत दोऱ्यांनी भरले. पाण्यात उतरताच ते शिशासारखे जड झाले. तिने श्वास सावकाश सोडला. बेटाकडे पाहिलं नाही, काठाकडे पाहिलं नाही. फक्त पुढचा हात, मग त्याच्या पुढचा. भीती सोबत होतीच, तिला हाकलायला ती थांबली नाही.

बेट हाकेच्या अंतरावर आलं आणि तळातून हंबीरचा आवाज आला.

"चंद्रे, घंटा वाजव. माझ्याकडे येऊ नकोस. मी हरलो, मी सगळ्यांचं नाव घालवलं."

चंद्रावळीला हुंदका फुटला. घंटा समोर होती, सारं राज्य बघत होतं. तिने घंटेकडे पाठ केली आणि बुडी मारली.

तळाशी काळा दगड होता. तिने त्याला मिठी मारली. "दादा, हरलास तर हरलास. नाव गेलं चुलीत! मला तू हवास. घरी चल."

हरलेल्याला हसले म्हणून तो शाप जन्मला होता. हरलेल्याला कुणी पोटाशी धरताच तो सुटला. दोरे सुताचे हलके झाले. दगड ऊबदार झाला, त्याला हात फुटले, त्या हातांनी बहिणीला धरलं. भोवतीचे सारे दगड पोरं होऊन वर आले आणि सगळी मिळून बेटाला लागली. घंटा कुणी वाजवली ते गर्दीत कळलंच नाही. तळं काठोकाठ भरलं.

राजाने मांत्रिकाच्या लेकाला शोधून आणायला पालखी धाडली. खर्जनाथ काठावर बसून लहान पोरासारखा रडला. तेव्हापासून त्या राज्यात दोरे शर्यतीनंतर बांधू लागले, आणि पहिला दोरा शेवटी येणाऱ्याला.

आई गर्दीतून वाट काढत आली. कोण जिंकलं हे तिने विचारलंच नाही. पदराने हंबीरचं डोकं खसाखसा पुसत म्हणाली, "किती उशीर केलास रे! भूक लागली असेल." आणि तिघं घरी गेली.

त्या माउलीला तिचं लेकरू मिळालं, तशी सगळ्या आयांना त्यांची मिळोत. हरलेली आधी मिळोत.