ठिपकी आणि पोंग्यातली अळी

हे विश्वंभरा, मुंगीच्या मुखी कण घालणाऱ्या, तुला नमन. तुझ्या नावाने सांगतो ही इवलीशी गोष्ट.

एक होती ढालकिड्याची मादी. लाल अंग, काळे ठिपके. तिचे नाव ठिपकी. ती राही मक्याच्या पोंग्यात. पोंगा म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांची गुंडाळी.

एके सांजेला आला पतंग. पानावर अंडी घातली. वर मऊ लव पांघरली, म्हणून ठिपकीला ती दिसलीच नाहीत. तीन दिवस गेले. अंडी फुटली. त्यांतून निघाली लष्करी अळी. सरसर चढली, पोंग्यात शिरली. कुर्रम कुर्रम!

ठिपकी म्हणाली, "अळीबाई, अळीबाई, माझं घर सोड."

अळी म्हणाली, "चल हट, बुटके! मी खाणार, जाडजूड होणार. मातीत उतरणार, कोषात निजणार. पतंग होऊन उडणार, अंडी घालणार. मग सगळ्या शेतात माझीच फौज!"

ठिपकीला आले रडू. पोंगा संपला तर कणीस कुठले? आणि घर कुठले?

तुरुतुरु, तुरुतुरु, भिर्र! ठिपकी गेली शेतमालकीण गोदूमावशीच्या चुलीतल्या राखेकडे.

"राखेताई, राखेताई,
अळी पोंगा सोडीना,
मला माझं घर मिळेना.
पोंग्यात पडतेस का?"

राख म्हणाली, "पडेन की! अळीला मी मुळीच सोसत नाही. पण माझ्यावर निखारे आहेत. मावशी चूल विझवील, तेव्हा येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु, भिर्र! ठिपकी बसली गोदूमावशीच्या मनगटावर.

"मावशी, मावशी,
राख चूल सोडीना,
अळी पोंगा सोडीना,
मला माझं घर मिळेना.
चूल विझवतेस का?"

मावशी हसली. "अगं बाई, कुंकवाची टिकलीच बोलते की! पण आज देवाला खिरीचा नैवेद्य. खीर शिजल्यावाचून मी चूल विझवत नाही, हा माझा नेम. आणि गाय तर दूधच देत नाही!"

तुरुतुरु, तुरुतुरु, भिर्र! ठिपकी गेली गाईकडे.

"गोमाते, गोमाते,
मावशी चूल विझवीना,
राख चूल सोडीना,
अळी पोंगा सोडीना,
मला माझं घर मिळेना.
दूध देतेस का?"

गाय म्हणाली, "हंबाऽ! रोज वाळका कडबा, आणि वर दूध मागता? ज्वारीचं हिरवं कडवळ आणा. मग बघा!"

तुरुतुरु, तुरुतुरु, भिर्र! ठिपकी गेली कडवळाकडे.

"कडवळदादा, कडवळदादा,
गाय दूध देईना,
मावशी चूल विझवीना,
राख चूल सोडीना,
अळी पोंगा सोडीना,
मला माझं घर मिळेना.
गाईच्या मुखी जातोस का?"

कडवळ म्हणाले, "आनंदाने जाईन. पण हे बघ, पानापानावर मावा बसलाय. बारीक बारीक किडे! अंग कसं चिकट चिकट. असं मळकं गाईपुढे कसं जाऊ?"

ठिपकी खुदकन हसली. "अहो दादा, मावा? तो तर माझा खाऊ!"

मट् मट् मट्! ठिपकीने खाल्ला मावा.
मावा गेला, कडवळ तरारले.
मावशीने कडवळ कापले, गाईपुढे घातले.
गाईने कडवळ खाल्ले, दूध दिले. चुर्र चुर्र!
दुधाची झाली खीर. रटरट रटरट!
मावशीने हात जोडले. "देवा, घ्या हो."
नैवेद्य झाला, चूल विझली.
चूल निवली, राख सुपात आली.
पोंग्यापोंग्यात चिमूट चिमूट. भुरभुर भुरभुर!

राख पडली अळीच्या तोंडात. "आक् थू! आक् थू!"

अळी घसरली. टप्प!

बांधावर होती साळुंकी. गट्टम!

ना कोष, ना पतंग, ना फौज.

दुसऱ्या सकाळी पोंग्यातून उलगडले नवे पान. स्वच्छ, हिरवेगार. ठिपकी आत शिरली, पंख मिटून स्वस्थ बसली. शेजारच्या पानावर पुन्हा कुठे लवेखाली अंडी दिसली, तर तीही मट् मट् करून टाकते.

मावशी पिकात आली. तिने हळूच पान बाजूला केले. "राहा गं टिकले. घर तुझंच आहे."

ऐकणाऱ्या बाळांनो, तुमची पोटे भरलेली राहोत. वाचणाऱ्या आईबाबांच्या मुखी गोडवा राहो. घरोघरी चूल पेटो, देवापुढे दिवा लागो, शेतोशेती कणीस भरो. सर्वांचे कल्याण होवो.