धोट्यातला दोरा

"पण अण्णा, सरकार विरून जाणार म्हणता, ते नेमकं कधी?"

दामोदर इंगवले हे विचारत होता तेव्हा गिरणीच्या फाटकावर पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. युनियनच्या खोलीतून त्या दिसत नव्हत्या. दामोदरच्या पोटाला मात्र दिसत होत्या.

हा दामोदर साचेखात्यातला, म्हणजे विणकर. क्रांतीवरची पुस्तकं त्याने इतकी वाचली होती, की त्याच्या घरचे उंदीरसुद्धा कागद कुरतडण्याआधी वर्गसंघर्षावर चर्चा करतात असं चाळीत सांगत. खोटं म्हणायला कुणाकडे पुरावा नव्हता.

युनियनचे जुने पुढारी येल्लय्या अण्णा कानामागे हात धरून बसले. चाळीस वर्षं माग चालवून म्हातारा बहिरा झाला होता, तोही सोयीपुरता.

दारात भिवा सोनकांबळे उभा होता. सूत काढणाऱ्या रिंगखात्याचा पुढारी. त्याचे नऊशे लोक पाच वाजता बाहेर पडले तर संप. नाही पडले तर साचेखातं एकटं सापडणार, आणि सगळ्यांत आधी उचलला जाणार दामोदर.

भिवाची अट एकच. अस्पृश्यांना साचेखात्यात काम मिळालं पाहिजे.

आजवर मिळत नव्हतं. धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा घेऊन धावणारी लाकडी नाव. त्यात दोरा ओवायचा तर त्याच्या भोकाला ओठ लावून, श्वासाने ओढावा लागतो. एकाच धोट्याला दिवसभरात चार तोंडं लागतात. विणकरांना त्यात भिवाचं तोंड नको होतं.

दामोदरने त्याला शांतपणे समजावलं. राज्य कामगारांच्या हाती आलं की वर्ग जातील, वर्ग गेले की जात आपोआप जाईल, तोवर धीर धर.

"तोवर आम्ही तुमची तोंडं बघत बसू का, कॉम्रेड?" भिवा म्हणाला.

अण्णांनी फळीवरचा धोटा काढून भिवाला दिला. भिवाने ओठ लावले. सुर्रकन दोरा बाहेर.

अण्णांनी तो पुन्हा उपसला आणि धोटा दामोदरपुढे धरला.

"ओढ."

...

लाठ्या खाल्लेला माणूस तो. पण हात वर येईना. खिडकीबाहेर लिंबाच्या सावलीत साचेखात्यातली माणसं बसली होती. त्यांत त्याचा मामा होता. बहिणीचं लग्न महिन्यावर आलेलं, सोयरीकही त्यांच्यातलीच. एकाने मान वळवून आत पाहिलं...

दामोदरला फाटकावरच्या पोलिसांच्या बंदुका आठवल्या, तर त्या जरा बऱ्या वाटल्या.

"माझा विरोध नाही अण्णा," तो पुटपुटला. "तत्त्वतः मी..."

"दोरा तत्त्वाने येत नाही," भिवा म्हणाला.

दामोदर उठला. त्याने खिडकी लोटली, कडी घातली. अर्धवट अंधारात धोटा तोंडाशी नेला. छाती इतकी धडधडत होती, की माग चालू झाला असं वाटावं. डोळे मिटून त्याने श्वास ओढला.

दोरा आला.

त्याचा चेहरा उजळला. धोटा पुढे करत तो म्हणाला, "घ्या. ओढला. भिवा, जा, तुझ्या लोकांना सांग."

भिवा दारातून हलला नाही.

अण्णांनी दोरा हळूहळू पुन्हा उपसून काढला. रिकामा धोटा दामोदरच्या हातात ठेवला.

"खिडकी उघड, दामू," ते म्हणाले. "आणि परत ओढ."