माइकची जागा

“माइक कुठे लावू, बुवा?”

दाजीबुवा नदीकडे बघत होते. मठाच्या त्या ओवरीत आता ते एकटेच राहत. एक ताट, एक तांब्या, दोरीवर वाळणारं एक धोतर. सुधन्वाला ते बघून वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायला काही तो आला नव्हता.

तो आला होता एका जागेसाठी. बुवांच्या मारवा रागात, अंतऱ्याच्या शेवटी, सूर असा काही खाली झुकायचा की ऐकणारा मान डोलवायचंच विसरायचा. सुधन्वाचं आता नाव झालं होतं, सभागृहं भरत होती, पण ती जागा काही केल्या त्याच्या गळ्यातून निघत नव्हती. बुवा तर थकलेले. ते गेले की जागाही गेली. म्हणून हे रेकॉर्डिंगचं सामान.

“समोरच लावतो,” म्हणत त्याने स्टँडचे पाय पसरले. आडवा दांडा पुढे काढला आणि एक पाय बरोबर दांड्याखाली आणला, म्हणजे वजनाने स्टँड कलंडत नाही. माइक बुवांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आला. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

“गा, बुवा.”

बुवा नदीकडेच बघत राहिले.

“फार जवळ आला का?”

“लांब आहे.”

त्याने दांडा ओढला. माइक बुवांच्या मिशीला टेकायचा बाकी राहिला.

“आणखी लांब गेला,” बुवा म्हणाले.

म्हातारा चळला की काय, असं सुधन्वाच्या मनात येऊन गेलं. “मग तुम्हीच सांगा.”

बुवांनी मागे न बघता खांद्यावरून अंगठा दाखवला.

मागे, खांब आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद कोपऱ्यात, एक कांबळं अंथरलेलं होतं. त्यावर कोणी नव्हतं.

“पाठीमागे? तिथे काय आवाज येणार, बुवा?”

“ती जागा तू पहिल्यांदा ऐकलीस, ती कुठे बसून?”

सुधन्वाने वळून कांबळ्याकडे बघितलं. बुवांकडे शिकायला होता तेव्हा त्याच कांबळ्यावर तानपुरा घेऊन तो बसायचा. मग एक दिवस ‘लवकरच येतो’ म्हणून शहरात गेला. कांबळं जुनंच होतं, पण त्यावर धुळीचा कण नव्हता.

तो स्टँड घेऊन मागे गेला. कोपऱ्यात स्टँडचे पाय पसरेनात. दोनदा स्टँड भिंतीवर आपटला. शेवटी त्याने पाय मिटले, दांडा उभा केला आणि तो धरून ठेवायला स्वतःच कांबळ्यावर मांडी घातली. तानपुरा धरावा तसा स्टँड त्याच्या खांद्याला टेकला.

इथून बुवांची फक्त पाठ दिसत होती. किती वाळली होती ती.

“अजून रोज गाता, बुवा?”

“गातो. मागून सूर भरायला कोणी नसतं, एवढंच.”

नदीवर ऊन उतरत होतं. सुधन्वाने स्टँड खांद्याशी नीट धरला.

“लावला माइक,” तो म्हणाला. “आता?”

बुवांनी डोळे मिटले.

“आता जागा सोडू नकोस.”