ठकू एकटी माहेरी गेली

पाय घ्या बघू पांघरुणात. हां, आता ऐका.

एक होता डोंगर. एवढा उंच, की ढगसुद्धा त्याच्या खांद्यावर टेकून दम खायचे. आणि लहरी तर असा, की सकाळी ऊन, दुपारी धुकं, दिवस कलला की गारा! त्याच्या पार माथ्यावर धुळाबा नावाचा धनगर राहायचा. त्याची एकुलती एक लेक ठकू. तिला दिली होती खाली, लांब, खाडीकाठच्या गावात.

बारा वर्षं झाली, ठकू माहेरी गेलीच नव्हती. कधी भातलावणी, कधी बाळंतपण. दरसाल म्हणायची, पुढच्या साली नक्की जाईन. होतं असं माणसाचं, बरं का.

एकदा काय झालं, वरून एक तूपवाला उतरला. म्हणाला, "ठकूताई, म्हातारा चार दिवस जेवला नाही. उंबऱ्यावर बसतो नि नुसता वाटेकडे बघतो."

ठकूच्या हातातलं सूपच खाली पडलं. नवऱ्याचा पाय मोडलेला, तो खाटेवर. तो म्हणाला, "अगं, आभाळ बघ कसं झालंय. सोबत मिळाली की जा."

"आबा आज वाट बघतायत ना? मग मी आजच जाते."

मग तिने पोरं सासूच्या हवाली केली, पदर खोचला, काठी घेतली आणि निघाली एकटीच.

रान लागलं. लहानपणी याच वाटेने ती आबांच्या घोंगडीचं टोक धरून चालायची. करवंदाची जाळी आली की आबा थांबायचे, ओंजळ भरून द्यायचे. जाळी अजून तिथेच होती. काळीभोर करवंदं लागली होती. ठकूने दोन तोडून तोंडात टाकली. तीच चव! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग काय झालं, अचानक धुकं उतरलं. स्वतःचे पाय दिसेनात. आणि वाटेवर बघते तर एक पांढरीशुभ्र म्हातारी बसलेली, पुढ्यात लोकरीचा हा एवढा ढीग!

"आजी, वाट कुठंय हो?"

"माझ्या बुडाखाली. ही लोकर कातून झाल्याशिवाय मी काही उठायची नाही."

ठकू धनगराची लेक. बसली मांडी घालून, घेतली हातात म्हातारीची सूत काढायची चाती, लागली कातायला. सूत गुंडाळत गेलं तसतसं धुकं विरत गेलं. ती लोकर धुक्याचीच होती, बरं का! म्हातारीने सूत बोटांवर ओढून पाहिलं.

"असं बारीक सूत धुळाबा काढायचा. तू त्याची कोण गं?"

"लेक."

"मग एवढे दिवस कुठं होतीस?"

ठकू खाली मान घालून पुढे गेली.

पुढे होता अरुंद कडा. एकीकडे भिंत, एकीकडे दरी. तिथे वारा आला तो माजलेल्या रेड्यासारखा उधळत! ठकू पालथी पडली, दगडाला घट्ट बिलगली. काठी गेली दरीत. आता मीही जाते, असं तिला वाटलं. मग तिला आठवली आबांची म्हशी वळवायची हाळी. तिने डोळे मिटले आणि ओरडली, "हुर्रर्र... हो हो होऽऽ!"

वारा थबकला. खरंच रेडा झाला, ढगाएवढा, करडा. आला, आणि तिच्या खांद्यावर नाक घासायला लागला. श्वासाला ओल्या गवताचा वास. त्याने किती वर्षांत ही हाळी ऐकली नव्हती. ठकूने त्याचं कपाळ खाजवलं. मग त्याने तिला पाठीवर घेतलं आणि कड्यापलीकडे अलगद उतरवलं.

आता शेवटचा माळ. तर वर आभाळात गारांच्या पोरी गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळत होत्या. टप, टप, टपाटप! ठकूच्या कपाळाला टेंगूळ आलं.

"पोरींनो, थांबा गं जरा!"

पोरी खिदळल्या. तिने हाळी घातली, हात जोडले. कशाचा काही उपयोग नाही. मग ठकू एका दगडाखाली बसली आणि हमसून हमसून रडली. मीच आले नाही, म्हणाली. बारा वर्षं मीच आले नाही. रडून झाल्यावर तिने डोक्यावर पदर घेतला, उठली, आणि तशाच गारांतून चालायला लागली. गारा लागत होत्या. ती चालत होती.

दिवस मावळता मावळता झोपडी दिसली. उंबऱ्यावर आबा. किती लहान झाले होते! त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"ठकू, झऱ्यावरून पाणी आणायला एवढा वेळ लागतो होय गं?"

ठकू त्यांच्याजवळ बसली, त्यांचा हात हातात घेतला.

"हो आबा. झऱ्यावर फार गर्दी होती."

"बरं, बरं. भाकरी टाक आता. भूक लागली मला."

मग तिने चूल पेटवली. नाचणीची भाकरी केली, दुधात कुस्करून त्यांना भरवली. आबा पोटभर जेवले. ठकू पावसाळा संपेपर्यंत तिथेच राहिली. नवऱ्याचा पाय बरा झाला, तसा तो पोरांना घेऊन वर आला, आणि आबांनी नातवंडांना पहिल्यांदा मांडीवर घेतलं. त्यानंतर एकही साल चुकलं नाही. सगळी खूप सुखात राहिली.

झाली गोष्ट. म्हातारा जेवला, ठकू निजली. आता तुम्हीही डोळे मिटा, माझ्या बाळांनो.